मागचा दिवा

“मिस्त्री, हितं लागतो आन् तिथं लागत न्हाई,” अंकुश म्हणाला. “आता अजून किती डाव सांगू?”

त्याचा पाण्याचा टँकर माझ्या गॅरेजसमोर उभा होता. मी वर चढून चावी फिरवली, रिव्हर्स गिअर टाकला, खाली उतरून मागे गेलो. मागचा पांढरा दिवा लख्ख लागलेला होता. मी दिव्यावर चापट मारली, वायर हलवून पाहिली. दिवा नुसता लुकलुकलासुद्धा नाही.

“लागलाय की रे!”

“हितं लागतोच. सावरदऱ्याच्या विहिरीवर लागत न्हाई.”

“दिव्याला गाव कळतं होय?” मी हसून विचारलं. आमच्या शेजारचा टपरीवालाही हसला. अंकुश मात्र हसला नाही. खाली मान घालून चपलेच्या अंगठ्याने माती उकरत उभा राहिला.

ही गोष्ट बालाघाटच्या डोंगरातली, दुष्काळातल्या एका उन्हाळ्यातली. त्या वर्षी चैत्र लागायच्या आतच गावोगावच्या विहिरी आटल्या होत्या. तलावावर टँकर भरायचा, डोंगर चढून गावात न्यायचा, उलटा घेत घेत गावच्या विहिरीपर्यंत न्यायचा आणि मागची तोटी सोडून पाणी विहिरीत ओतायचं. मग बायांनी ते दोराने शेंदायचं. असे टँकर आमच्या तालुक्यात बरेच होते, आणि त्यांतले बहुतेक बिघडले की माझ्याकडे यायचे. अंकुश गेल्या उन्हाळ्यापासून सावरदऱ्याची खेप मारत होता. तिशीचा गडी, अंगाने दणकट. आधी गाडीत टेप लावून येताना तो लांबूनच कळायचा. या वर्षी त्याने टेप काढून टाकला होता. का, म्हणून विचारलं तेव्हा म्हणाला होता, “मागचं ऐकू येत न्हाई.”

मी गाडीखाली शिरून सगळं पुन्हा तपासलं. गिअरबॉक्सच्या अंगाला अंगठ्याएवढा एक स्विच असतो. रिव्हर्स टाकला की आतला दांडा त्या स्विचची पिन दाबतो, दोन वायरी एक होतात आणि मागे दिवा लागतो. स्विच चांगला होता. वायरीही चांगल्या होत्या. मी त्याला तसं सांगितलं, तो मान हलवून निघून गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर भरून पुन्हा दारात हजर.

तेव्हा मला सुचलं, की इथं गाडी थंड असते. सावरदऱ्याचा घाट चढून गेली की गिअरबॉक्स तापतो. तापल्यावर स्विचच्या आतलं काहीतरी सुटत असेल. तसं असेल तर ते तापल्या ठिकाणीच पाहायला हवं. मी नवीन स्विच, दोन पाने आणि टेस्टरचा बल्ब पिशवीत टाकला आणि त्याच्याशेजारी जाऊन बसलो.

घाटात मी विचारलं, “काय रे अंकुश, निम्म्या तालुक्याच्या गाड्या या दिव्यावाचून पळतात. तुलाच एवढा घोर कसला?”

“तिथं दिवा लागल्याबिगर मागं जाता येत न्हाई.”

“कोण जाऊ देत नाही?”

त्याने वळणावर गिअर बदलला आणि पुढे पाहत राहिला. त्याच्या मनगटावरचे केस घामाने चिकटले होते. मी म्हटलं, ऊन आहे.

सावरदऱ्याला पोचलो तेव्हा भर दुपार होती. असल्या गावात टँकर आला की काय होतं ते मी पाहिलेलं होतं. पोरं गाडीमागे धावतात, बाया हंडे घेऊन पळतात, नंबरावरून झिंज्या धरतात. इथं तसलं काही नव्हतं. विहिरीपासून देवळापर्यंत हंडे, कळश्या, घागरी ओळीने मांडून ठेवलेल्या होत्या. पितळेचे, प्लॅस्टिकचे, एक-दोन ठिकाणी नुसते रिकामे डबे. पण त्यांच्याशेजारी माणूस म्हणून नव्हतं. घरांची दारं लोटलेली. एका दाराच्या फटीतून कुणीतरी बघत होतं, मी बघितल्यावर फट बंद झाली. ऊन इतकं उभं होतं की हंड्यांच्या सावल्या हंड्यांच्याच बुडाखाली गेल्या होत्या.

“माणसं कुठं गेली?” मी विचारलं.

“घरात हायेत. टँकर रिकामा झाल्यावर येत्यात.”

“आधी का नाही येत?”

“न्हाई येत,” अंकुश म्हणाला, आणि गाडी वळवून विहिरीकडे पाठ करून उभी केली.

विहिरीला कठडा नव्हता. काळ्या दगडाची कड जमिनीशी सपाट, आणि त्यापुढे एकदम पोकळी. त्या कडेवर, टँकरच्या बरोबर मागे, एक म्हातारी उभी होती. उंच, वाळलेली, विटलेल्या हिरव्या लुगड्याचा पदर डोक्यावरून घेतलेली. कपाळ मोकळं. ती आमच्याकडेच बघत होती. आमच्याकडे म्हणजे माणसांकडे नाही, गाडीच्या मागच्या अंगाकडे.

“ही कोण?”

“सोजरबाई,” अंकुश हळूच म्हणाला, आणि त्याने रिव्हर्स टाकला. “आता जा, बघा.”

मी उतरून मागे गेलो. दिवा बंद होता. सोजरबाई पुढे आली. वाऱ्यात निरांजन झाकतात तसे दोन्ही तळवे तिने दिव्याभोवती धरले आणि आत डोकावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मागे वळली, पुन्हा त्याच कडेवर जाऊन उभी राहिली. आता तिच्या टाचा आणि विहीर यांत हातभरही जागा नव्हती.

“मावशी, पुढं या बरं. मी दिवा नीट करायलाच आलोय.”

ती कडेवरून हलली नाही. अंकुशने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “ती बोलत न्हाई, मिस्त्री. वरीस झालं.”

“मुकी आहे?”

“न्हाई,” तो म्हणाला, आणि त्याने डोकं आत घेतलं.

मी इंजिन बंद करायला लावलं. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी मोठे दगड लावले, ते पायाने दाबून पाहिले आणि पोतं अंथरून गाडीखाली सरकलो. खाली बरं वाटलं. सावली होती, आणि टाकीच्या सांध्यातून थेंब थेंब पाणी गळत होतं. गिअरबॉक्सला मात्र हात लावण्याची सोय नव्हती. तो घाट चढून असा तापला होता की जवळ नेलेला हात आपोआप मागे येई. माझा अंदाज बरोबर होता, असं वाटून मला बरंच वाटलं. फडक्याने धरून मी स्विचच्या दोन्ही वायरी काढल्या.

आता दोन्ही वायरी एकमेकींना लावून बघायच्या. दिवा लागला तर वायरिंग चांगलं आणि दोष स्विचमध्ये. पण दिवा मागे आणि मी खाली. लागला की नाही हे सांगायला मागे कुणीतरी हवं. अंकुशला चावी फिरवायला वर बसवलेलं. मी मान वळवून चाकांच्या मधून मागे पाहिलं. तिथं पाय होते. बाईचे पाय, धुळीने माखलेले, आणि वर हिरव्या लुगड्याचा काठ. म्हटलं, म्हातारी आहे की.

“मावशी, बोलू नका, पण जरा दिव्याकडं बघा. लागला तर नुसतं काहीतरी वाजवा.” मी वायरी जोडल्या. “लागला का?”

“लागला.”

मी वायरी सोडल्या. “आता?”

“गेला.”

पुन्हा जोडल्या. “आता?”

“लागला.”

म्हणजे स्विचच गेला होता. म्हातारी बोलली, याचं नवल मला वाटायला हवं होतं. पण काम करताना माणसाचं निम्मं मन हातात असतं. मी पाना लावून जुना स्विच सैल केला. तो निघाला तशी गरम ऑइलची धार मनगटावरून कोपरापर्यंत आली. मी शिवी हासडली, भोकावर फडकं दाबलं, नव्या स्विचला तांब्याचा वॉशर घातला आणि तो हाताने बसवून पान्याने आवळला. वायरी खोचल्या.

“अंकुश, टाक रिव्हर्स!”

वर दांडा खडखडला.

“मावशी, लागला का?”

“लागला,” ती म्हणाली. आणि जरा थांबून म्हणाली, “थांबा.”

मी हात आवरला. “का हो? काय झालं?”

 मी पुन्हा मान वळवून पाहिलं, आणि मला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं. ते पाय पाठमोरे होते. टाचा माझ्याकडे, बोटं विहिरीकडे. डावा पाय थोडा पुढे टेकवलेला, दोर ओढताना टेकवतात तसा, आणि त्याच्या बोटात चांदीचं जोडवं होतं. बाई विहिरीत वाकून उभी होती. दिव्याकडे तिची पाठ होती.

 डोळ्यांत घाम आला म्हणून मी बाहीने पुसला. पुन्हा पाहिलं तर मागे फक्त दगडाची कड होती आणि तिच्यावर ऊन.

मी बाहेर आलो तो सरपटतच. मागे कुणी नव्हतं. दिवा लागलेला होता. सोजरबाई पार लांब, बाभळीच्या खोडाशी बसली होती. मी इंजिन बंद करायला लावलं तेव्हाच ती तिथं जाऊन बसली असावी, कारण तिच्या मांडीवर बाभळीची पिवळी फुलं पडलेली होती आणि ती तशीच होती. तिचे पाय पुढे पसरलेले होते. बोटं मोकळी होती.

अंकुश खाली उतरला. “काय झालं? कुनाशी बोलत हुतात मिस्त्री?”

“मागं बाई होती ना.”

“कुठली बाई?”

“अरे, तिनंच तर सांगितलं. लागला, गेला, लागला. तुला वर ऐकू नाही आलं?”

“मला तुमचाच आवाज आला.” तो मागच्या चाकापाशी आला. “आजून काय म्हनली?”

“काही नाही. शेवटी म्हणाली, थांबा.”

 अंकुश चाकाला टेकला आणि टेकल्या टेकल्या घसरत खाली बसला. मला वाटलं, ऊन लागलं. मी पाण्यासाठी तोटीकडे वळलो तर त्याने माझा पाय धरला.

“कसं म्हनली? मोठ्यानं का बारीक?”

“बारीक. पोरसवदा आवाज होता. का रे?”

“कुनाला सांगितलं न्हाई मी,” तो म्हणाला. “पोलिसाला न्हाई. बायकोला न्हाई. मंग तुम्हाला कसं कळलं? थांबा म्हनली हुती ते तुम्हाला कुनी सांगितलं?”

“अंकुश, मला काही माहीत नाही. कोण म्हणाली होती?”

मग तो बोलला. माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या हातातल्या जुन्या स्विचकडे बघून बोलत होता.

गेल्या उन्हाळ्यात, अशाच दुपारी, तो याच विहिरीवर टँकर मागे घेत होता. मागचा दिवा बंद पडलेला होता आणि ते त्याला ठाऊक होतं. गाडीत टेप चालू होता. सोजरबाई मागे एका बाजूला उभी राहून हाताने खुणावत होती, ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणत होती. दुसऱ्या बाजूला, आरशात न दिसणाऱ्या कोपऱ्यात, हिरव्या लुगड्यातली सोजरबाईची सून कौशी तळाचं उरलंसुरलं पाणी शेंदत होती. तिची पाठ गाडीकडे होती.

“मला दोन आवाज आले, मिस्त्री. एक मावशीचा, येऊ द्या. आन् एक बारीक, थांबा. एकदाच आला. मला वाटलं टेपातलंच कायतरी आसंल. मी थांबलो न्हाई. मागचा पत्रा लागला तिला. ती आत गेली.”

“आणि पोलीस?”

“पाय घसरून पडली, आसं लिवून घेतलं. सरपंच म्हनले, खरं सांगितलं तर टँकर बंद हुईल, आख्खं गाव तहानेनं मरंल. समद्यांनी तेच सांगितलं. मावशीनंबी.”

माझ्यामागे माती वाजली. सोजरबाई कधी उठून आली ते आम्हाला कळलं नव्हतं. ती दिवा बघायला आली असणार. तो लागला होता, पण ती त्याच्याकडे बघत नव्हती.

“आवाज आला हुता?” तिने विचारलं. वर्षभर न उघडलेल्या दारासारखा तिचा आवाज अडकत अडकत आला. “तुला आला हुता आवाज?”

अंकुशने मान खाली घातली. “आला हुता, मावशी.”

“मी तिथंच हुते. चार पावलांवर. मला न्हाई आला.” तिने विहिरीकडे पाहिलं. “मला वाटलं, पोरीला कळायच्या आतच ती गेली. तेवढाच इसावा हुता मला.”

मग ती माझ्याकडे वळली. तिने माझं सगळं बोलणं ऐकलं होतं.

“आत्ता बोल्ली ती, रागानं बोल्ली?”

मला खोटं सांगायचं सुचलं असतं तर मी सांगितलं असतं. पण खरंच सांगायला बरं होतं. “नाही, मावशी. कामातल्या माणसाला सांगावं तसं म्हणाली. साधं.”

“बारीक?”

“बारीक.”

सोजरबाईने मान हलवली. ती दोन पावलं पुढे आली आणि टँकरच्या पत्र्यावर तळहात टेकून उभी राहिली. पत्रा चटके देत असणार, पण तिने हात काढला नाही.

“तशीच बोलायची,” ती म्हणाली. “मीच शिकवलं तिला. लगीन होऊन आली तवा लांबून हाका मारायची, खळखळून हसायची. मी म्हनलं, सुनंनं चारचौघांत आवाज चढवायचा न्हाई. येकदा तोंडावर मारलं बी. मंग न्हाई चढवला तिनं.”

 टाकीतून पाणी गळत होतं. अंकुश तोंडात मूठ कोंबून रडत होता. मी दुसरीकडे बघितलं. हंड्यांची ओळ तशीच उभी होती आणि लोटलेल्या दारांआड सगळं गाव आम्ही कधी एकदा पाणी ओततो याची वाट बघत होतं.

शेवटी सोजरबाईच म्हणाली, “घे मागं. लोकं तहानेली हायेत.”

अंकुशने तोटीखाली तोंड धुतलं. मी दगड काढले. तो टँकर इंच इंच मागे घेत राहिला आणि आम्ही दोघं दोन बाजूंना उभे राहिलो. मी मोठ्यांदा ओरडून सांगत होतो. आयुष्यात एवढ्या मोठ्यानं मी कधी ओरडलो नसेन. पाणी विहिरीत पडायला लागलं तशी दारं उघडली आणि माणसं आली. कुणी आम्हाला काही विचारलं नाही.

 तालुक्याला परत आल्यावर अंकुशने पोलीस ठाण्यासमोर गाडी थांबवली आणि चावी माझ्या हातात दिली. “तेवढी गाडी तुमच्या दारात लावून ठेवा,” म्हणाला, आणि पायऱ्या चढून आत गेला. मी गाडी गॅरेजपर्यंत आणली. ती उलटी आत घ्यायची होती. मी रिव्हर्स टाकला. मागे कुणी नव्हतं, मी दोनदा उतरून पाहून आलो होतो. तरी ब्रेकवरचा पाय माझ्याच्याने निघेना. टपरीवाला “येऊ द्या, येऊ द्या” म्हणून हात हलवायला लागला तेव्हा तर मी गाडी बंदच केली. त्या दिवशी ती रस्त्यावरच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस सावरदऱ्याला गेले. सोजरबाईने त्यांना सगळं खरं सांगितलं. स्वतःचं ‘येऊ द्या’ही सांगितलं. पुढे केस उभी राहिली, अंकुशला काही महिने शिक्षा झाली, ती भोगून तो आला आणि त्याने पुन्हा गाडी चालवली नाही. भावाबरोबर वीटभट्टीवर जायला लागला. पण ते सगळं नंतर. त्या दिवशी सकाळी गाव सोजरबाईच्या दारात जमलं होतं. तुझी सून गेली ती गेली, आता आमच्या लेकरांचं पाणी तोडलंस, म्हणून बाया तिच्या नावाने बोटं मोडत होत्या. सरपंच म्हणे डोक्याला हात लावून ओट्यावर बसला होता. म्हातारी घरात बसून ऐकत होती.

हे मला मागाहून कळलं. पुढचं मात्र नव्या ड्रायव्हरने सांगितलं. टँकरच्या ठेकेदाराने त्याच सकाळी माझ्या दारातून टँकर उचलून त्याच्या हातात दिला होता. त्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. त्याने तलावावर टाकी भरली, घाट चढला आणि नेहमीच्याच वेळेला सावरदऱ्यात जाऊन उभा राहिला.

“कसलं गाव हो ते, मिस्त्री!” संध्याकाळी पंक्चर काढायला आला तेव्हा तो म्हणाला. “मी गेलो तर समदी जागच्या जागी गप्प. जनू भूत बघितलं. आन् एक म्हातारी हाय तिथं, उंच, हिरव्या लुगड्याची. ती घरातून धावत भायेर आली, गाडीकडं बघितलं आन् वरडायला लागली, ‘आला की! बायांनो, टँकर आला की! कुठं बंद झाला?’ मी पानी वतून निगालो, खिंडीत पोचलो, तरी तिचा आवाज येतच हुता.”

तो हसला.

“लई खूश झाली हुती बघा म्हातारी,” तो म्हणाला.